मेटॅलिका ‘विकली गेली’ म्हणावे का?

एका वाचकाने मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल (रॉकचा जोरकस, कडक प्रकार) बँडवरच्या आपल्या लेखातले एक वाक्य पाठवले आहे: ‘१९९१ साली मेटॅलिका मुख्य प्रवाहातल्या हार्ड रॉककडे वळली, मवाळ झाली आणि जुन्या चाहत्यांच्या मते विकली गेली.’ त्यांना तीन शंका आहेत. चाहते ज्याला ‘सेलआउट’ म्हणतात त्याला ‘विकले जाणे’ चालेल का? ‘मवाळ’ बरे की ‘सवंग’? आणि बँड ‘वळली’ की ‘वळला’?

‘विकले जाणे’ हा मराठीत फार जबर आरोप आहे. साक्षीदार विकला जातो, पंच विकला जातो, निवडून आलेला माणूस विकला जातो. यात पैसे मोजणारा कुणीतरी असतो आणि आधी कुणाला तरी दिलेला शब्द मोडलेला असतो. त्यामुळे ‘मेटॅलिका विकली गेली’ असे वाचताच मराठी वाचक विचारणार, कुणाला? मेटलच्या चाहत्यांची तक्रार अशी नसते. आपल्यापुरते असलेले संगीत आता सगळ्यांसाठी होऊ लागले, ही त्यांची ठसठस असते. ती खरी आहे, तिची टिंगल करू नये; पण लाचखाऊ साक्षीदाराचे क्रियापद तिला लावले की बँडवर नको तेवढा डाग पडतो.

दुसरी अडचण वाक्यरचनेची आहे. मेटॅलिकाच्या त्या अल्बमला, म्हणजे चाहते ज्याला ‘ब्लॅक अल्बम’ म्हणतात त्याला, अमेरिकेतच १ कोटी ६० लाखांहून अधिक गिऱ्हाइके मिळाली. लेखात हा आकडा येणारच. मग एका ओळीत ‘बँड विकला गेला’ आणि पुढच्या ओळीत ‘अल्बम विकला गेला’ असे झाले, तर पहिल्यात निंदा, दुसऱ्यात यश आणि क्रियापद एकच. प्रतींसाठी ‘खपल्या’ वापरावे. ‘विकले गेले’ ठेवायचेच असेल, तर ते चाहत्यांच्या तोंडी, अवतरणात ठेवावे: ‘हे विकले गेले, असे जुने चाहते म्हणू लागले.’ म्हणजे निवाडा लेखकाचा राहत नाही. ही ओरड १९९१ मध्ये पहिल्यांदा झाली असेही नाही. १९८४ च्या ‘राइड द लाइटनिंग’ या दुसऱ्याच अल्बममध्ये ‘फेड टू ब्लॅक’ हे संथ, अकूस्टिक गिटारने सुरू होणारे गाणे आले, तेव्हाही कट्टर मंडळींनी हेच म्हटले होते.

‘सवंग’चे मूळ पाहिले तर तो ‘महाग’चा विरुद्धार्थी, स्वस्त. आज तो किमतीपेक्षा लायकीबद्दल बोलतो: सवंग लोकप्रियता, सवंग विनोद. ‘गल्लाभरू’ आणि ‘बाजारू’ हे त्याच घरातले. हे तिन्ही शब्द बँडच्या हेतूवर बोट ठेवतात. हेतू सिद्ध करता येत असेल तर वापरावेत. ‘बाटले’ हाही शब्द काही चाहते आवेशात वापरतात. त्याला सोवळ्या-ओवळ्याचा आणि धर्मांतराचा वास आहे, तो मी संगीताच्या चर्चेत मुळीच वापरणार नाही.

आता ‘मवाळ’. हा शब्द आपल्या कानात ‘जहाल’च्या जोडीनेच येतो आणि ती जोडी राजकारणाने पक्की केली. मवाळ म्हणजे ज्याची धार, मागणीचा जोर कमी आहे असा. ब्लॅक अल्बमला हे लागू पडते का, हे शब्दकोशात सापडणार नाही, गाणी ऐकूनच ठरवावे लागेल.

१९८८ च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ अल्बमचे शीर्षकगीत जवळजवळ दहा मिनिटांचे आहे. रिफमागून रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) येते, ताल मध्येच बदलतो, एक विभाग मनात बसतो न बसतो तोच दुसरा सुरू होतो. जेसन न्यूस्टेडचा बास (खालच्या स्वरांची गिटार) त्या अल्बमभर जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे आवाज कोरडा आणि टोकदार आहे. बँडलाही पुढे पुढे मैफलीत ही लांबलचक गाणी वाजवण्याचा कंटाळा आला. त्यानंतरच्या ब्लॅक अल्बमसाठी त्यांनी बॉब रॉक हा निर्माता, म्हणजे ध्वनिमुद्रणाची सूत्रे सांभाळणारा माणूस, घेतला. मॉट्ली क्रू या बँडचा ‘डॉक्टर फीलगुड’ हा अल्बम त्याने घडवला होता आणि त्यातला भरदार आवाज मेटॅलिकाला हवा होता.

ब्लॅक अल्बममधले ‘एंटर सँडमन’ साडेपाच मिनिटांचे आहे आणि ते बहुतांशी एकाच रिफवर उभे आहे. ही रिफ गिटारवादक कर्क हॅमेटची. ड्रमर लार्स उलरिकने सुचवले की तिचा पहिला तुकडा लागोपाठ तीनदा वाजवावा आणि मगच शेपटाकडे जावे. आता गाणे पुन्हा ऐका. तुकडा तिसऱ्यांदा येतो तेव्हा कान त्याच्या शेपटाची वाट पाहत असतो, आणि ते आले की गाणे ऐकणाऱ्याच्या ताब्यात येते. ड्रम्सही साधे: उलरिक इथे ठोक्यांची गर्दी न करता सरळ ताल धरतो. स्टुडिओत एकेकाने वेगवेगळे वाजवून ध्वनिमुद्रण करण्याची सवय मोडून बॉब रॉकने त्यांना एकत्र वाजवायला लावले. ‘सॅड बट ट्रू’ साठी गिटारी एक पूर्ण स्वर खाली उतरवल्या, आणि त्या गाण्यातला प्रत्येक आघात जमिनीतून आल्यासारखा वाटतो. बासही आता पोटात जाणवतो. याला मवाळ म्हणता येणार नाही.

मराठीतला ‘जड’ हा शब्द इथे नेमका उपयोगी पडतो. वजनाने असते ते जड, आणि ‘हा विषय मला जड जातो’ म्हणतो तेव्हा जड म्हणजे पचायला, समजायला कठीण. १९८८ चे संगीत दुसऱ्या अर्थाने जड होते. १९९१ मध्ये तो जडपणा गेला आणि पहिल्या अर्थाचा वाढला. तेव्हा वेग उतरला, रचना सोपी झाली, आवाज मात्र वजनदार झाला, असे सरळ लिहावे. एकच विशेषण हवे असेल तर ‘सुटसुटीत’ घ्यावे. ‘सोपे’मध्ये थोडी कमीपणाची छटा डोकावते, ‘सुटसुटीत’मध्ये नको ते काढून टाकल्याचे कसब आहे. ‘नथिंग एल्स मॅटर्स’ हे वाद्यवृंदाची साथ असलेले गाणे अर्थातच हळुवार आहे, आणि त्यापुरते ‘हळुवार’च म्हणावे. एका गाण्यावरून बारा गाण्यांच्या अल्बमला मवाळ ठरवू नये.

‘मुख्य प्रवाहातल्या हार्ड रॉककडे वळली’ यातही दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. मुख्य प्रवाह हे श्रोत्यांचे, खपाचे, रेडिओ-टीव्हीचे वर्णन आहे. हार्ड रॉक हे संगीताचे. १९९१ मध्ये मेटॅलिका निःसंशय मुख्य प्रवाहात आली, पण जे वाजवत होती ते मेटलच होते. हार्ड रॉककडचे वळण मला १९९६ च्या ‘लोड’मध्ये दिसते. ब्लूजच्या अंगाने जाणाऱ्या रिफ, झुलणारा ताल, कंट्री संगीताच्या जवळ जाणारे ‘मामा सेड’सारखे गाणे. त्याच सुमारास चौघांनी केस कापले, नावाच्या बोधचिन्हातली टोकदार अक्षरे बोथट केली. आणि ७९ मिनिटांच्या त्या अल्बमला सुटसुटीत तर कुणी म्हणणार नाही. तेव्हा तुमच्या वाक्यात साल आणि शैली जुळत नाहीत. शब्दांआधी ते दुरुस्त करावे.

‘मुख्य प्रवाह’ या शब्दाबद्दलही एक सांगावेसे वाटते. आपल्याकडे वंचितांना मुख्य प्रवाहात आणायचे असते, वाट चुकलेले तरुण मुख्य प्रवाहात परततात. म्हणजे तिथे जाणे ही चांगली गोष्ट, असे हा शब्दप्रयोग गृहीत धरतो. मेटलच्या चाहत्याला मात्र ती तक्रार वाटते. त्यामुळे ‘मुख्य प्रवाहात आली’ एवढेच लिहिले तर कौतुक वाटेल. टीका अभिप्रेत असेल तर ‘मुख्य प्रवाहाला शरण गेली’ असे क्रियापदातून सांगावे लागते. तटस्थ राहायचे असेल तर प्रवाहाला बाजूला ठेवून ‘तिचा श्रोतृवर्ग कितीतरी पटींनी वाढला’ म्हणणे उत्तम.

इतर बँडना हेच शब्द सरसकट लावू नयेत. शेफिल्डच्या डेफ लेपर्डला ब्रिटिश हेवी मेटलच्या नव्या लाटेत मोजले गेले, पण त्यांची ओढ आधीपासूनच सुरेल, बहुस्वरी हार्ड रॉककडे होती. मट लँगसारख्या निर्मात्याबरोबर ती १९८३ च्या ‘पायरोमेनिया’त आणि १९८७ च्या ‘हिस्टेरिया’त पुरती फुलली. तिथे ‘वळले’पेक्षा ‘रुळले’ अधिक खरे. मेगाडेथ या मेटल बँडचा १९९९ चा ‘रिस्क’ मात्र ‘मवाळ’ या शब्दाला पात्र आहे. तिथे धार खरोखरच कमी केली होती, आणि पुढच्याच अल्बममध्ये बँडचा म्होरक्या डेव्ह मस्टेन जुन्या बाजाकडे परतला.

तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘१९९१ च्या अल्बममध्ये मेटॅलिकाचे संगीत सुटसुटीत आणि अधिक वजनदार झाले, श्रोते प्रचंड वाढले, जुने चाहते मात्र “हे विकले गेले” म्हणू लागले. हार्ड रॉककडे बँड खऱ्या अर्थाने वळला तो १९९६ मध्ये.’

राहिला लिंगाचा प्रश्न. ‘बँड’ पुल्लिंगी, त्यामुळे ‘बँड वळला’ यात वाद नाही. ‘मेटॅलिका’ आकारान्त असल्याने ‘मेटॅलिका वळली’ असे सहज तोंडात येते. मीही वर तसेच लिहिले आहे आणि त्यात काही चूक नाही. फक्त सामान्यरूप करताना ‘मेटॅलिकेने’ लिहू नये. परक्या विशेषनामाला विभक्ती लावताना नाव ओळखू येईल असे ठेवणे बरे: मेटॅलिकाने, मेटॅलिकाचा. मेगाडेथ, डेफ लेपर्ड अशा नावांना पुल्लिंग घ्यावे. आणि विषय बँडमधल्या माणसांचा असेल, त्यांनी केस कापले, त्यांचे भांडण झाले, तर अनेकवचन: मेटॅलिकावाले. बोलण्यात हे रूप सर्रास चालते, लेखातही खुशाल चालवावे.