६२८ नाबाद करणारा ए. ई. जे. कोलिन्स पुढे इंग्लंडकडून का खेळला नाही?

तुमचे खरं तर दोन प्रश्न आहेत. तेराव्या वर्षी एका डावात ६२८ काढणाऱ्या पोराचं पुढे काय झालं, आणि शाळेतल्या शाळेतल्या सामन्यात काढलेल्या त्या धावांना कितीसं मोल द्यायचं? पहिल्याचं उत्तर सरळ आहे. तो सैन्यात गेला आणि २९व्या वर्षी लढाईत मारला गेला. पण हे उत्तर एवढ्यावर सोडवत नाही.

आम्हा कल्याणकरांच्या कानांवर कोलिन्सचं नाव आलं ते जानेवारी २०१६मध्ये. आमच्या कल्याणचा शाळकरी फलंदाज प्रणव धनावडे पहिला दिवस संपला तेव्हा ६५२वर नाबाद होता, दुसऱ्या दिवशी १००९ झाले. ११६ वर्षांचा विक्रम मोडला म्हणून कोलिन्सचं नाव सगळीकडे छापून आलं, पण माणूस मात्र एका ओळीत उरकला गेला. याचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं.

कोलिन्सचा जन्म आपल्याकडचाच, १८८५चा, हजारीबागचा. वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये न्यायाधीश होते. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात तो शिकायला आला तोवर आईवडील दोघंही गेले होते.

तो सामना शाळेतल्याच दोन हाउसमधला (हाउस म्हणजे शाळेतल्या मुलांचे गट), तोही ज्युनिअर मुलांचा. २२ जून १८९९ला कोलिन्सने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. वर्ग सुटल्यावर जेवढा वेळ मिळेल तेवढा खेळ, असं चार दुपारी चाललं. पहिल्या दिवशी तो २००वर नाबाद, दुसऱ्या दिवशी पाचशेच्या पार. मग बघ्यांची गर्दी व्हायला लागली आणि वर्तमानपत्रांतही बातम्या आल्या. शेवटच्या जोडीने १८३ धावा जोडल्या, त्यात शेवटचा फलंदाज रेडफर्नचा वाटा १३. तो बाद झाला तेव्हा संघाच्या ८३६ झाल्या होत्या.

आता मोलाचं बोलू. चौकार-षटकारांचा हिशेब बघा: १ षटकार, ४ पंचे, ३१ चौकार, ३३ तिऱ्या, १४६ दुऱ्या आणि ८७ एकेरी. दुऱ्या इतक्या का? मैदानाची एक बाजू फार आखूड होती, तिथे चेंडू सीमेपार गेला तरी दोनच धावा मिळायच्या. बाकी बाजूंना धावा पळून काढायच्या. म्हणजे आखूड सीमेमुळे धावा फुकट मिळाल्या असं जे म्हणतात ते अर्धंच खरं आहे. गोलंदाजी कच्ची होती, झेल सुटले, हे मात्र मान्य करायलाच हवं. पण याच मुलाने नंतर गोलंदाजीत ३३ धावांत ७ आणि ३० धावांत ४ बळी घेतले. समोरचा संघ ८७ आणि ६१वर गुंडाळला गेला. नुसत्या नशिबाने असा सामना होत नाही.

मग इंग्लंड का नाही? मुळात क्रिकेट हा त्याचा पेशा नव्हता. वूलिचच्या लष्करी अकादमीतून तो १९०४मध्ये रॉयल इंजिनिअर्समध्ये अधिकारी झाला. आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचं जे काम, तेच यांचं: पूल बांधायचे, रस्ते करायचे, खंदक खणायचे आणि वेळ पडली तर बंदूक घेऊन लढायचं. नेमणूक हिंदुस्थानातही झाली. हौशी खेळाडूला काउंटी क्रिकेट, म्हणजे इंग्लंडमधल्या परगण्यांच्या संघांचं क्रिकेट, खेळायचं तर इंग्लंडमधला उन्हाळा मोकळा हवा, आणि सैन्यातल्या माणसाला तो रजेवरच मिळणार. कोलिन्स फर्स्ट क्लासचा एकही सामना खेळला नाही. पण बॅट सुटली नव्हती. १९१३मध्ये लॉर्ड्सवर रॉयल आर्टिलरीविरुद्ध त्याने अर्धशतक काढलं.

१९१४च्या वसंतात लग्न झालं. ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं. कॅप्टन कोलिन्स रॉयल इंजिनिअर्सच्या पाचव्या फील्ड कंपनीबरोबर फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर गेला. ११ नोव्हेंबरला बेल्जियममधल्या ईपरजवळ जर्मनांच्या प्रशियन गार्डने जोरदार हल्ला चढवला आणि या कंपनीच्या इंजिनिअर जवानांनाही लढाईत उतरावं लागलं. त्या दिवशी तो पडला. त्याची कबर कुठे ते आज माहीत नाही. नाव ईपरच्या मेनिन गेट या स्मारकावर आहे, जिथे त्या लढायांत बेपत्ता झालेल्या हिंदी जवानांचीही नावं कोरलेली आहेत. त्याचा भाऊ हर्बर्टही १९१७मध्ये युद्धातच गेला.

सैन्यामुळे खेळायला वेळ कमी मिळायचा हे खरं, पण ‘सैन्यात गेला म्हणून क्रिकेट संपलं’ असं काही जण लिहितात, ते मला पटत नाही. ज्या उन्हाळ्यात कोलिन्सने ६२८ केल्या, त्याच उन्हाळ्यात मेजर पूअर आणि कॅप्टन विन्यर्ड या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी हॅम्पशायर काउंटीसाठी सहाव्या विकेटला ४११ धावांची भागी केली होती. पूअरने ३०४ काढल्या. विन्यर्ड तर इंग्लंडकडून कसोटीही खेळला. पूअर तेव्हा ३३ वर्षांचा होता, विन्यर्ड ३८चा. कोलिन्सला ३३वं वर्ष लागलंच नाही.