‘पुस्तक कुणी घेत नाही, म्हणजे मला लिहिताच येत नाही का?’

मी समुपदेशक आहे. पुस्तक ऑनलाइन स्वतः प्रकाशित करणं सोपं झाल्यापासून हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो. विचारणाऱ्यांची वयं वेगळी, पेशे वेगळे. पुस्तक कधी कवितांचं, कधी कथांचं, कधी नोकरीतल्या अनुभवांचं. क्रम मात्र तोच. पहिल्या आठवड्यात अभिनंदनाचे संदेश येतात, मग विक्रीचा आकडा हलेनासा होतो आणि झोप उडते. पुढची हकीकत अशा काही जणांच्या बोलण्यातून एकत्र केली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एक बाई शाळेत शिक्षिका होत्या. बारा कथांचा संग्रह त्यांनी ॲमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंगवर, म्हणजे लेखकाला स्वतः पुस्तक प्रकाशित करता येणाऱ्या केडीपीवर, ई-पुस्तक म्हणून आणला होता.

“महिन्यात नऊ प्रती गेल्या, मॅडम. सहा नात्यातल्यांनी घेतल्या. उरलेल्या तीन कुणी घेतल्या तेही मी शोधून काढलंय.”

“रिपोर्ट कधी कधी बघता?”

“उठल्यावर. मधल्या सुट्टीत. रात्री जाग आली की.”

“आकडा तसाच दिसला की मनात काय येतं?”

“हेच, की निकाल लागला. संपादकांनी कथा परत पाठवल्या तेव्हा वाटायचं, वाचक तरी आपल्या बाजूने असतील. आता वाचकांनीही सांगून टाकलं.”

‘तुम्ही छान लिहिता’ असं मी म्हटलं नाही. तो दिलासा दोन दिवस पुरतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा लागतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर माझं काम उभं आहे. माणसाच्या एखाद्या कृतीचं मूल्यमापन जरूर करावं, अख्ख्या माणसाचं करू नये, हा त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. शिक्षिकेला तो समजावून सांगायची गरजच पडली नाही.

“पेपर तपासताना गुण उत्तराला देता की मुलाला?”

“उत्तराला,” त्या लगेच म्हणाल्या. मग थांबल्या. “पण इथे उत्तर वाचूनच गुण दिलेत ना लोकांनी?”

“वाचून दिलेत, हे कशावरून?”

याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मी एक काम दिलं. अनोळखी वाचक व्हायचं, फोनवर स्वतःचं पुस्तक शोधायचं आणि जे जे दिसेल ते त्याच क्रमाने कागदावर लिहायचं. नमुना उतरवून घ्यायचा, तो संपेपर्यंत वाचायचा आणि मगच विकत घ्यायचं की नाही ते ठरवायचं.

पुढच्या भेटीत त्यांनी पाढा वाचावा तसा तो कागद वाचला. मुखपृष्ठ शोधयादीत नखाएवढं दिसतं, त्यावर बारीक अक्षरांतलं नाव वाचताच येत नाही. वर्णनाची सुरुवात ‘हा संग्रह रसिकांच्या हाती देताना मनस्वी आनंद होत आहे’ अशी, आणि ‘पुढे वाचा’च्या आधी दिसतं ते एवढंच. मग नमुना. किंडलचा नमुना म्हणजे पुस्तकाचा सुरुवातीचा साधारण दहावा भाग. त्यांचा संग्रह छापला तर १३० पानांचा, म्हणजे नमुना १३ पानांचा. त्यांनी ही पानं मोजली होती: शीर्षक, हक्क, अर्पणपत्रिका आणि अनुक्रमणिका मिळून ४, एका ज्येष्ठांची प्रस्तावना ५, मनोगत ३, ऋणनिर्देश १. पहिली कथा चौदाव्या पानावर सुरू होत होती.

कागद खाली ठेवून त्या बराच वेळ गप्प बसल्या. अशा वेळी समुपदेशकाने मध्ये बोलू नये. माणूस स्वतःच्या विधानाची तपासणी स्वतः करत असतो, आणि तिथे आपण घातलेली भर उसनीच ठरते.

“म्हणजे माझी एकही कथा अनोळखी माणसापर्यंत पोचलेली नाही,” त्या म्हणाल्या. “मग नाकारली कुणी?”

हा प्रश्न त्यांना पडावा यासाठीच आधीच्या सगळ्या भेटी होत्या. ‘नाकारलं’ ही त्यांची समजूत होती. वस्तुस्थिती एवढीच, की वाचक दारातून परत गेला होता.

इतक्या लोकांशी बोलून माझ्या हाती आलेलं एक निरीक्षण मला फार उपयोगी वाटतं. एरवी पुस्तकामागे संपादक, मुद्रितशोधक, मांडणी करणारा, चित्रकार आणि विक्री बघणारा अशी पाच-सहा माणसं असतात. स्वतः प्रकाशित करताना ही सगळी पदं एकाच नवख्या माणसाकडे येतात. चुका त्या पदांच्या कामात होतात आणि दोष मात्र सगळा लेखकाच्या खात्यावर चढतो. म्हणून मी दोन वह्या करायला सांगते, एक लेखकाची, एक प्रकाशकाची. प्रत्येक तक्रार, प्रत्येक आकडा आधी कोणत्या वहीचा ते ठरवायचं, वाईट वाटून घ्यायचं ते नंतर. जवळजवळ नेहमी प्रकाशकाची वही आधी भरते.

बाईंच्या वहीत जे उतरलं ते बहुतेक नवख्यांना लागू पडेल. प्रस्तावना आणि ऋणनिर्देश त्यांनी पुस्तकाच्या शेवटी नेले, मनोगत अर्ध्या पानावर आणलं आणि सर्वांत जमलेली कथा पहिली लावली. प्रस्तावना मागे नेताना त्यांना अपराधी वाटलं. ज्येष्ठांचा अपमान होईल अशी भीती होती. त्यांनी फोन करून कारण सांगितलं, आणि विषय तिथेच मिटला. मुखपृष्ठासाठी केडीपी २५६० पिक्सेल उंची आणि १६०० पिक्सेल रुंदी सुचवतं. पण माप बरोबर असलं म्हणजे काम झालं असं नाही. चित्र फोनवर अंगठ्याच्या नखाएवढं करून हातभर अंतरावरून नाव वाचता आलं पाहिजे. वर्णनाला ४००० अक्षरांपर्यंत जागा असते, मात्र काम करतात त्या पहिल्या दोन-तीन ओळी. तिथे कथेतलं माणूस आणि त्याची अडचण यायला हवी, लेखकाचा आनंद नको. शोधशब्दांच्या सात जागा असतात आणि वर्ग तीन निवडता येतात. पुस्तकाच्या नावातले शब्द शोधशब्दांत पुन्हा घालून जागा वाया जाते. वाचक शोधताना काय टाइप करेल, तेच तिथे हवं.

फाइलमध्ये वेगळाच घोळ होता. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. असा मजकूर आपल्या संगणकावर ठीक दिसतो, कारण तो फॉन्ट आपल्याकडे असतो. दुसऱ्याच्या फोनवर त्याची निरर्थक अक्षरं होतात. त्यांनी तो युनिकोडमध्ये बदलून घेतला होता, पण बदलानंतर मुद्रितं पुन्हा तपासली नव्हती. रफार आणि जोडाक्षरं नेमकी याच टप्प्यावर मोडतात. शिवाय परिच्छेद स्पेस मारून आत सरकवलेले आणि नवं पान एंटर दाबत दाबत आणलेलं. ई-पुस्तकात पानाचा आकार वाचकाच्या पडद्यावर ठरतो, त्यामुळे अशी मांडणी कोसळते. कथांच्या नावांना ‘हेडिंग’ शैली द्यायची, म्हणजे अनुक्रमणिकेतून थेट कथेवर जाता येतं. नव्या पानासाठी पेज ब्रेक वापरायचा. आणि ई-पुस्तक वाचकाला कसं दिसेल ते दाखवणाऱ्या किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये फोनच्या आकारात सगळं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचं.

नियम माहीत नसल्यानेही जीव उगाच पोळतो. त्यांच्या बहिणीने लिहिलेला अभिप्राय एका रात्रीत नाहीसा झाला, आणि कुणीतरी आपल्याविरुद्ध तक्रार केली या विचारात त्यांनी कित्येक रात्री जागून काढल्या. ॲमेझॉनवर कुटुंबीय आणि जवळच्या मित्रांचे अभिप्राय चालत नाहीत, असे अभिप्राय काढून टाकले जाऊ शकतात. विक्रीच्या यादीतला क्रमांक खाली गेला की पुस्तक घसरलं असं वाटतं, पण तो सतत बदलतो आणि इतर पुस्तकं खपली तरी आपला क्रमांक उतरतो. पैसे साधारणपणे विक्रीचा महिना संपल्यावर ६० दिवसांनी येतात, तोवर खातं रिकामं दिसणारच. केडीपी सिलेक्ट या ऐच्छिक योजनेत पुस्तकाचं नाव घातलं की ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, फुकटसुद्धा नाही. नमुना म्हणून दहा टक्के चालतं. मुदत संपल्यावर नोंद आपोआप पुढे चालू राहते, ती आपण बंद करावी लागते. बाईंनी पूर्ण पीडीएफ दोन गटांत पाठवली होती. ती आधी काढून घ्यायला लावली.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. दुखावलेला लेखक पॅकेज विकणाऱ्यांच्या हाती सहज सापडतो. ‘तुमच्या पुस्तकात दम आहे’ हे वाक्य ऐकायला तो आसुसलेला असतो, आणि ते वाक्य पॅकेजच्या किमतीत धरलेलं असतं. केडीपीवर पुस्तक चढवायला पैसे लागत नाहीत. तेव्हा पैसे द्यायचेच असतील तर नेमक्या कोणत्या कामाचे, हे लेखी घ्या. खातं कुणाच्या नावावर, हक्क कुणाकडे आणि किती मुदतीसाठी, मूळ फाइल परत मिळणार का, हे विचारा. निराशेच्या आठवड्यात सही करू नका.

विक्री वाढली का? थोडी वाढली. रिपोर्ट त्या आता रविवारी एकदाच बघतात आणि वहीत तारखेसह लिहितात. किंमत बदलली त्या महिन्यात मुखपृष्ठाला हात लावत नाहीत, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा फोनवर एका अनोळखी वाचकाचा अभिप्राय उघडलेला होता. तारे तीनच. दोन कथांचा शेवट सारखा वाटतो, असं त्याने लिहिलं होतं.

“कोणत्या वहीत?” मी विचारलं.

“लेखकाच्या. सातवी आणि अकरावी. खरंच सारखा आहे. अकरावीचा बदलते आहे.” नवी फाइल चढवल्यावर आधी घेतलेल्यांकडे ती आपोआप जात नाही, हे त्यांनी आधीच वाचून ठेवलं होतं. त्यामुळे त्या वाचकापर्यंत बदललेला शेवट कदाचित पोचणार नाही. तरी त्यांना तो बदलायचा होता.