परवानगीची वाट बघत बाहेरच्या रांगेत थांबू नका

तुम्ही लिहिलंय की बोट धक्क्याच्या बाहेरच्या रांगेत आहे, दक्षिणेकडून सगळं मोकळं, अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय आणि आतली जागा मागितली तर ऑफिस ‘अर्ज द्या, कळवतो’ म्हणतंय. वाचून पोटात गोळा आला. मे २०२१ मध्ये मुंबई बंदरातल्या एका तरंगत्या धक्क्यावर आम्ही दोघं नवरा-बायको ह्याच अवस्थेत होतो. तेव्हा बोट हेच आमचं घर होतं. धक्क्याचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका.

शिडं उतरवणं, डेकवरचं सामान आत नेणं, गॅस बंद करणं हे तुम्ही कराल, त्यावर वेळ घालवत नाही.

१४ मे, शुक्रवार, अक्षय्य तृतीया. लक्षद्वीपजवळच्या पट्ट्याचं चक्रीवादळ होणार, असा हवामान खात्याचा इशारा आला होता. मी ऑफिसात गेलो. आत दोन जागा रिकाम्या दिसत होत्या. अर्ज घेतला, शिक्का मारला, ‘सोमवारी साहेबांच्या सहीने होईल’ म्हणाले. शनिवार-रविवार मी फोन करत राहिलो, कोणी उचलला नाही. शनिवारी सकाळी पाणी तेलासारखं सपाट होतं. शेजारच्या लाँचवरचे तांडेल काका म्हणाले, “बंदरावर धोक्याचा बावटा लागायच्या आत हलव.” पंधरा मिनिटांचं काम होतं. मी हललो नाही. आयुष्यभर नियमाने वागलेला माणूस, सहीशिवाय दोर सोडायचा कसा, असं वाटत राहिलं. ती चूक मला अजून झोपू देत नाही.

सोमवारी, १७ तारखेला, तौक्ते मुंबईच्या पश्चिमेने उत्तरेला सरकलं. वादळ असं जातं तेव्हा आपल्याकडे वारा आधी आग्नेयेचा, मग दक्षिणेचा, मग नैर्ऋत्येचा होतो, आणि आपलं बंदर नेमकं त्याच अंगाला उघडं आहे. कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दोरावरचा ताण चौपट होतो, हे मी तोवर फक्त वाचलं होतं.

मागचा डावा दोर जिथे डेकच्या कडेवरून वळत होता, तिथे त्याचं वरचं आवरण फाटलं होतं. आतले धागे पिंजलेल्या कापसासारखे बाहेर आले होते आणि दर हिसक्याला आणखी बोटभर पिंजत होते. मी त्यावर टॉवेल गुंडाळत होतो. शेवटी दोर टिकला, पण क्लीटच, म्हणजे दोर बांधायची डेकवरची खुंटीच, डेकचा तुकडा घेऊन उपटून आली. डेकखाली भार पसरवणारी पोलादी पट्टी नव्हती, नुसते चार वॉशर. बोटीची मागची बाजू फिरून धक्क्याच्या कोपऱ्यावर आपटायला लागली, सुकाणू गेलं. आम्ही उतरायचं ठरवलं तेव्हा बोट आणि धक्का यांच्यात तीन फुटांचं अंतर उघडत-मिटत होतं. त्या उडीत बायकोचं मनगट मोडलं. दुरुस्तीचे पैसे भरून निघाले, मनगट अजून पावसाळ्यात दुखतं.

त्यातल्या त्यात बरं, की त्या दिवशी पंचमी होती, उधाण ओसरून भरती भांगाकडे, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांकडे, चालली होती. २०२० चं निसर्ग चक्रीवादळ ३ जूनला आलं, पौर्णिमेला दोनच दिवस राहिले होते. वादळ यायच्या दिवसाची तिथी तुम्ही आजच बघा. तरंगता धक्का ज्या खांबांना धरून पाण्याबरोबर वर-खाली होतो, त्यांच्या टोकापासून मोठ्या भरतीला तो किती खाली राहतो तेही मोजा. वरून वादळाने पाणी चढलं आणि धक्का खांबांवरून निसटला, तर कितीही दोर बांधलेत तरी उपयोग नाही.

माझं स्पष्ट मत: आज पाणी शांत असताना बोट आत न्या. आधी ऑफिसला मेल करा, ‘वादळाच्या इशाऱ्यामुळे बोट अमुक जागी हलवतोय’, आणि त्याच मेलची प्रत विमा कंपनीला. ती जागा दुसऱ्या कोणाची असेल तर त्या मालकाला फोन करा. मी वकील नाही, तुमचा करार वेगळा असू शकतो, तो वाचून घ्या. दंड लावला तर भरा, भांडण नंतर करा. तीन नंबरचा बावटा लागेपर्यंत थांबलात तर लाटा सुरू झालेल्या असतील आणि अरुंद जागेत बोट वळवता येणार नाही. संताप येतो तो याचा, की ज्यांच्या सहीवर सगळं अडतं त्यांना सुट्टीच्या दिवशी फोनवर होय-नाही म्हणायलाही कोणी बसवत नाही.

आणि रात्र बोटीवर काढू नका. पंप चालू ठेवायला थांबतो असं वाटेल, आम्हालाही वाटलं होतं. धक्क्याची वीज आधी जाते, म्हणून पंप बॅटरीवर चालतो का ते आत्ताच पाहा आणि कॉकपिटच्या (सुकाणूजवळच्या बसायच्या खोलगट जागेच्या) पाणी जायच्या भोकांतला कचरा काढा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये ठेवा, आणि व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा रेडिओ, चॅनेल १६ वर.

दोर जिथे वळतो तिथे अग्निशमनाच्या जुन्या पाइपचा हातभर तुकडा ओवून दोन्ही टोकांना सुतळीने बांधा. टॉवेल पहिल्या तासात निघून जातो. आणि क्लीटखालचं कपाट उघडून आत टॉर्च मारा. नुसते वॉशर दिसले तर मागचा दोर त्या क्लीटवर एकटा सोडू नका, त्याचा भार विंचवर, म्हणजे शिडाचे दोर ओढायच्या रहाटावर, वाटून घ्या.