होडीत पाय का घसरतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या मंडळाकडे पुराच्या वेळी वापरायला १६ फुटी फायबरची बोट आहे. ओल्या पायाने आत उतरले की माणूस घसरतो. गेल्या वर्षी ऑइलपेंटमध्ये नदीची वाळू कालवून एक हात मारला, पण पहिल्याच पावसाळ्यात पोपडे निघाले. पक्के काम कसे करायचे? – एक वाचक, शिरोळ तालुका

वाळूची कल्पना बरोबर होती, चुकला तो तिच्याखालचा थर. फायबर बोटीचा वरचा चकचकीत थर म्हणजे जेलकोट. साच्यातून बोट सुटावी म्हणून लावलेल्या मेणाचा अंश त्यावर राहतो, पुढे पॉलिशचीही भर पडते. अशा गुळगुळीत थराला ऑइलपेंट धरत नाही, आणि तळात पाणी साचून राहिले की मऊ पडून सुटतो. त्यात नदीच्या वाळूचे कण वाहून वाहून गोल झालेले असतात. पायाला पकड मिळते ती धारदार कोपऱ्यांच्या कणामुळे.

आधी जुना रंग पूर्ण खरवडा. साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. मग दोन स्वच्छ फडकी घ्या : एक थिनरमध्ये भिजवलेले, दुसरे कोरडे. ओल्याने पुसले की थिनर उडून जाण्याआधी कोरड्याने टिपून घ्यायचे आणि फडकी वारंवार बदलायची. हे काम घासण्याच्या आधीच झाले पाहिजे. उलट केले तर पॉलिश पेपर ते मेण ओरखड्यांत दाबून बसवतो आणि नंतर ते सहजी निघत नाही. यानंतर ८० नंबरचा पेपर, मग १२० नंबरचा. सगळी चमक जाऊन पृष्ठभाग एकसारखा निस्तेज दिसला पाहिजे. त्यावर तांब्याभर पाणी ओता. पाण्याचा सलग पडदा अर्धा मिनिट टिकला तर पुढे जा. थेंब गोळा झाले तर मेण शिल्लक आहे, पुन्हा थिनरपासून सुरुवात.

आता मास्किंग टेप लावा. खिळे, कड्या, पाणी निघायची भोके आणि कडा यांपासून एक ते दीड इंच जागा मोकळी सोडा आणि रंगाच्या पट्ट्यांचे कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपरा पहिल्यांदा उचलतो.

रंगाचा क्रम असा : दोन भागांच्या इपॉक्सी प्रायमरचा एक हात, त्यावर इपॉक्सीचाच दुसरा, जाडसर हात, तो ओला असतानाच त्यावर कण, दुसऱ्या दिवशी दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगाचे दोन पातळ हात. नुसता इपॉक्सी उन्हात पिठूळ होतो म्हणून वरून पॉलियुरेथेन लागतोच. हार्डनरचे, म्हणजे रंग घट्ट करणाऱ्या दुसऱ्या भागाचे, प्रमाण डब्यावर लिहिले असेल तेच, मापाने. अंदाजाने कधीच नाही.

रंग किती लागेल ते स्वतः काढता येते. डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात घन भागाची, म्हणजे वाळल्यावर उरणाऱ्या भागाची, टक्केवारी असते; ती आकारमानाची घ्या, वजनाची नाही. तिला १० ने गुणा आणि वाळलेल्या थराच्या मायक्रॉनमधल्या जाडीने भागा. एका लिटरला किती चौरस मीटर ते मिळते. घन भाग ५०% आणि जाडी ५० मायक्रॉन असेल तर १० चौ.मी.; १०० मायक्रॉन असेल तर ५. तुमच्या बोटीची पाय पडणारी जागा ६ चौ.मी. धरली तर पहिल्या हाताला ०.६ लिटर, जाड हाताला १.२ लिटर, रोलर आणि डब्यात राहणारा रंग धरून अडीच लिटर इपॉक्सी आणा. खरखरीत पृष्ठभाग रंग जास्त पितो, म्हणून पॉलियुरेथेन दोन लिटर.

कण अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे घ्या. ब्लास्टिंगसाठी आणि ग्राइंडिंगच्या चाकांसाठी ते वापरतात, त्यामुळे तशा मालाच्या पुरवठादारांकडे विचारा. ६० नंबरचा कण साधारण पाव मिलिमीटर, ३६ नंबरचा अर्धा. पुरात बोटीत बसणारी माणसे बहुधा अनवाणी असतात. म्हातारी माणसे गुडघ्यावर टेकून आत येतात, कडेवर लेकरे असतात. तिथे ३६ नंबर कातडी सोलून काढेल, म्हणून सबंध तळाला ६० नंबर. ३६ नंबर फक्त नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, जिथून उडी मारून काठावर जातात तिथे, आणि इंजिनापाशी. तिथे इपॉक्सीचा थर आणखी जाड हवा आणि पॉलियुरेथेनचे हात तीन, नाहीतर कण उपटून निघतात. ६ चौ.मी.ला सहा किलो कण हाताशी ठेवा. निम्मे नंतर झाडून परत मिळतील.

फाउंड्रीतली, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातली, वापरलेली वाळू मात्र आणू नका. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या भागात ती सहज मिळते म्हणून हा मोह होतो. त्या काळ्या वाळूच्या कणांवर बेंटोनाइट माती आणि कोळशाच्या भुकटीचे लेपण असते; रंग कणाला न चिकटता लेपणाला चिकटतो आणि बेंटोनाइट पाण्याने फुगते.

कण रंगात कालवले तर ते डब्याच्या तळाशी बसतात आणि एका जागी ढीग, दुसरीकडे टक्कल असे होते. पिठाच्या चाळणीने, हातभर उंचीवरून, ओल्या रंगावर चाळा; रंग दिसेनासा होईपर्यंत. वर साय धरल्यावर चाळले तर कण नुसते वर बसतील, म्हणून एका वेळी हात पोचेल एवढाच तुकडा घ्या. टेप रंग ओला असतानाच काढा.

वेळेचे सांगायलाच हवे. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. ओल्या हवेत इपॉक्सीवर तेलकट पापुद्रा येतो आणि पॉलियुरेथेनचा हार्डनर पाण्याशी मिसळून बुडबुडे काढतो. सकाळचे दव वाळल्यावर सुरू करा, ऊन तापायच्या आत थांबा, बोट छपराखाली ठेवा. शेवटच्या हातानंतर आठवडाभर पाण्यात घालू नका. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात हात घातला पाहिजे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघाल्यावर हे काम होत नाही.

पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्याने दमा जडू शकतो. स्प्रे टाळा, रोलर वापरा. नायट्राइलचे हातमोजे आणि वाफेसाठीचा काडतुसाचा मास्क हवा. फायबर घासताना धुळीचा मास्क. थिनरजवळ बिडी-काडी नको.

प्रश्न : हाच रंग रबरी बोटीला चालेल का? – कुरुंदवाड

नाही. हवा भरली-सोडली की कापड दुमडते आणि कडक थर तडकतो. शिवाय फुग्याला घासणारे कण कापडच कापतात. रबरी बोटीत ५-६ मिलिमीटरची, खाचा असलेली ईव्हीए फोमची शीट तळाला चिकटवा. बोट पीव्हीसीची असेल तर पॉलियुरेथेन गोंद, हायपॅलॉन या कृत्रिम रबराची असेल तर निओप्रीनचा. अदलाबदल केली की शीट सुटते. तळाला लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची फळी असेल तर तिला खरखरीत थर देता येतो, पण फुग्याला टेकणारी कड चार बोटे मोकळी सोडून.

प्रश्न : तलावावरच्या बोटींना कारागिराकडून नॉन-स्लिप रंग लावून घेतला. वर्षात जागोजाग उडाला. दोष कशाचा? – कोल्हापूर

उडालेला पोपडा उलटा करून पाहा, तोच सांगेल. मागची बाजू काचेसारखी चकचकीत असेल तर घासणे झाले नाही किंवा मेण राहिले. प्रायमर बोटीवर शाबूत आणि वरचाच रंग गेला असेल तर दोन हातांमध्ये जास्त दिवस गेले. डब्यावर दिलेली मुदत उलटली की पुन्हा घासूनच पुढचा हात द्यावा लागतो. पोपड्यात टाचणीएवढी भोके दिसली तर ओल किंवा तापलेला पृष्ठभाग. रंग जागेवर आहे, नुसते कण गेले, तर थर कणाच्या मानाने पातळ होता. उलट कण आहेत पण पाय घसरतो, तर वरून रंगाचे इतके हात दिले की कण बुडाले.

पहिल्या प्रकारात डागडुजी करून पैसे घालवू नका, सगळे काढा. बाकी प्रकारांत तेवढाच चौकोन घासून नवा थर बसतो.

प्रश्न : रंगाऐवजी खरखरीत चिकटपट्टी लावली तर? – कागल

पायरीला आणि बसायच्या फळीच्या कडेला चांगली. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा, कोरड्या जागेवर रोलरने दाबा, कडेला सीलर भरा. तळभर लावू नका. पुराचा बारीक गाळ कडेखाली शिरला की पट्टी उचलते आणि तिच्यातच पाय अडकतो.

गाळाचे खरखरीत रंगालाही भय आहेच. कणांमधल्या खाचा भरल्या की तो पुन्हा गुळगुळीत. प्रत्येक फेरीनंतर ताठ केसांचा ब्रश आणि पाणी, इंजिनाजवळ तेल सांडले असेल तर साध्या साबणाचे पाणी. तारेचा ब्रश नको.