युनिट आणि क्लास ग्रुप वेगवेगळे पाठ करू नकोस बाळा

अरे, एकच मॅप धर की, फील्डमधला (फील्ड म्हणजे इथं अपूर्णांकांत √८२सारखं एखादं मूळ मिसळून झालेला आकड्यांचा संच) शून्य नसलेला आकडा उचलायचा आणि त्याचं प्रिन्सिपल आयडियल (फील्डमधल्या पूर्णांकांनी केलेल्या त्याच्या सगळ्या पटी) करायचं, बस्स. ह्या मॅपचा कर्नल (जे आकडे १च्याच आयडियलवर जातात ते) म्हणजे युनिट ग्रुप, कोकर्नल (सगळ्या आयडियलना मॅपनं गाठलेल्या आयडियलनी भागून उरतं ते) म्हणजे क्लास ग्रुप, म्हणजे आकड्याकडून आयडियलकडे जाताना काय हरवलं ते युनिट आणि कुठवर पोचलोच नाही ते क्लास ग्रुप. मला हे खानापूरच्या बसमध्ये उभ्याउभ्या समजलं, वर्गात नाही!

आता वही काढ आणि दोन फील्ड शेजारी मांड, रूट ८२ आणि रूट ९४. पहिल्यात फंडामेंटल युनिट (ज्याच्या घातांतून, ± धरून, बाकी सगळी युनिटं येतात ते) ९ + √८२, एवढंसं, पण क्लास नंबर, म्हणजे क्लास ग्रुपमधल्या घटकांची संख्या, ४. दुसऱ्यात युनिट २१४३२९५ + २२१०६४√९४, केवढं मोठं बघ, आणि क्लास नंबर १. डिस्क्रिमिनंट (फील्ड केवढं ते सांगणारा आकडा) मात्र ३२८ आणि ३७६, जवळजवळच. डिरिक्ले ह्या गणितज्ञाच्या क्लास नंबर फॉर्म्युल्यात क्लास नंबर आणि युनिटचा लॉग गुणाकारातच येतात, म्हणून एक फुगला की दुसऱ्याला जागा कमी. ८२ला हा गुणाकार साधारण ११.६ येतो, ९४ला १५.३. कन्टिन्यूड फ्रॅक्शननं (वितत अपूर्णांकानं) ९४चं युनिट हातानंच काढ, अर्धा तास जातोय, जाऊ दे, सोबत खायला बेळगावी कुंदा घेऊन बस. रूट −५ला युनिट फक्त ±१, तिथं लॉगची भानगडच नाही.