प्रिंटर चौदाशे रुपयांत सुटेल, साठ हजारांच्या हप्त्याचं काय?

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

“माझा कॉम्प्युटर २०१२ सालचा आहे, विंडोज ७. प्रिंटर एचपी लेसरजेट १०२०. प्रिंट देताना मधेच कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा चालू होतो. कागद दोन-दोन ओढले जातात, पानावर ठरावीक अंतराने काळा ठिपका येतो आणि प्रिंटर अधूनमधून ऑफलाइन दाखवतो. विक्रेत्याने नवा कॉम्प्युटर, मल्टिफंक्शन प्रिंटर आणि तीन वर्षांची एएमसी (देखभालीचा करार) मिळून ७८ हजारांचं कोटेशन दिलंय. बारा महिने नो कॉस्ट ईएमआय, महिना ६,५००. रोख दिले तर ७१ हजार. पुढच्या महिन्यात बँकेतल्या पाच वर्षांच्या योजनेचा ६० हजारांचा तिसरा हप्ता आहे, त्यासाठी पाटल्या ठेवून १४ टक्क्यांनी कर्ज काढणार आहे. खर्च जाता महिन्याला २५ हजार सुटतात. ईएमआय घ्यावा की सोनेतारण थोडं वाढवून रोख द्यावेत?”

सोबत त्यांनी बँकेतल्या ‘योजने’च्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला आहे. बरं झालं पाठवला.

ताई, ईएमआय नको आणि सोनेतारणही नको. रोख ७१ आणि हप्त्याने ७८, म्हणजे सात हजार व्याजच झालं. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं हे धरलं तर हा दर वर्षाला १८ टक्के पडतो. ‘नो कॉस्ट’ म्हणजे बिनव्याजी नव्हे, व्याज आधीच किमतीत मिसळलेलं असतं. आणि एएमसीचा कागद नीट वाचा. रोलर, पॅड, ड्रम, फ्यूजरची (टोनर तापवून कागदावर पक्का करणाऱ्या भागाची) फिल्म असे झिजणारे भाग त्यातून बहुतेक वेळा वगळलेले असतात. तुमच्या प्रिंटरचं आत्ताचं दुखणं नेमकं त्यातलंच आहे.

तुम्ही लिहिलेल्या चारही तक्रारी प्रिंटर मेल्याच्या नाहीत. प्रिंट देताना कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, त्याचं कारण बहुधा प्रिंटरची पिन यूपीएसमध्ये आहे. लेसर प्रिंटरचा हीटर तापताना एकदम मोठा करंट ओढतो. घरगुती ६०० व्हीएचा, त्यातही बॅटरी जुनी झालेला यूपीएस तो झेपत नाही आणि सगळंच बंद करतो. प्रिंटर थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावा, यूपीएसवर फक्त सीपीयू आणि मॉनिटर ठेवा. खर्च शून्य.

दोन-दोन कागद ओढले जातात ते सेपरेशन पॅड गुळगुळीत झाल्यामुळे. कागद उचललाच जात नसेल तर पिकअप रोलर गेलेला असतो. दोन्ही एकदमच बदला, भाग मिळून तीन-चारशे रुपयांत येतात. रोलर तुम्हालाही काढता येईल: प्रिंटर बंद करून कार्ट्रिज बाहेर काढा, रोलरच्या दोन्ही टोकांच्या छोट्या पांढऱ्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला सरकवा, रोलर पुढे फिरवा आणि वर उचला. काढलेलं कार्ट्रिज कापडाखाली झाकून ठेवा, उजेडाने ड्रम खराब होतो. पॅड मात्र मेकॅनिककडूनच बदलून घ्या.

काळ्या ठिपक्यांमधलं अंतर पट्टीने मोजा. साडेसात सेंटीमीटरच्या आसपास भरलं तर तो ड्रमवरचा ओरखडा, कारण १२ए कार्ट्रिजच्या ड्रमचा घेर तेवढाच असतो. नुसत्या रिफिलने तो जाणार नाही. रिफिलवाल्याला ड्रम आणि वायपर ब्लेड बदलायला सांगा, पाच-सहाशे होतील. पानावरची अक्षरं बोटाने पुसली जात असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा फ्यूजरची फिल्म बघावी लागेल.

ऑफलाइनचा घोळ यूएसबीचा असतो. केबल एकदा या पोर्टला, एकदा त्या पोर्टला लावली की विंडोज नवा प्रिंटर समजून ‘कॉपी १’ तयार करतं आणि तुमच्या प्रिंट जुन्या नावावर अडकतात. मागच्या बाजूचा एकच पोर्ट ठरवा, जास्तीची नावं काढून टाका आणि उरलेला प्रिंटर डिफॉल्ट करा. अडकलेल्या प्रिंट डिलीट होत नसतील तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) थांबवा. मग सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या क्रमाने जाऊन त्या फोल्डरमधल्या फाइली काढा (फोल्डर नव्हे) आणि स्पूलर पुन्हा चालू करा.

नवी आखूड केबल आणि मेकॅनिकची मजुरी धरून सगळं चौदाशे-पंधराशेत बसतं. शिवाय या प्रिंटरचं रिफिल तीनशे रुपयांत होतं, म्हणजे टोनर आणि कागद मिळून पान साधारण ७० पैशांना पडतं. नव्या बऱ्याच लेसर प्रिंटरच्या कार्ट्रिजवर चिप असते, रिफिलबरोबर तीही बदलावी लागते. पानाला दोन रुपये घेणाऱ्या दुकानाने हा हिशेब आधी करावा.

कॉम्प्युटरचं मात्र विक्रेत्याने खोटं सांगितलेलं नाही. विंडोज ७ला १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षेचे अपडेट बंद झाले, क्रोमही १०९च्या पुढे जात नाही. त्याच मशीनवर तुम्ही लोकांचे आधार आणि बँकेचे तपशील भरता, हे थांबायला हवं. पण त्यासाठी ७१ हजार लागत नाहीत. आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर असलेला, विंडोज ११ चालणारा रिफर्बिश्ड डेस्कटॉप १५ ते १८ हजारांत मिळतो. घेण्याआधी त्यावर तुमचा प्रिंटर जोडून एक पान छापून बघा. तीन महिने सहा-सहा हजार बाजूला काढलेत की तो रोखीने येईल. तोवर जुना फक्त टायपिंगला ठेवा.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. तुम्ही जिला ‘पाच वर्षांची योजना’ म्हणता ती आयुर्विमा पॉलिसी आहे. फोटोतच छापलंय: हप्ते १० वर्षं, मुदत २० वर्षं, मुदतीअंती १० लाख ८० हजार, विमा ६ लाख. पाच वर्षांनी यातलं काहीही ठरल्याप्रमाणे हातात येणार नाही. बँकेच्या काउंटरवर एफडीसारखं सांगून विकलेली अशी पॉलिसी घरातलं सोनं गहाण पडेपर्यंत पोचते, याचा संताप येतो.

आकडे बघा. वर्षाला ६० हजार, दहा वर्षांत सहा लाख, विसाव्या वर्षी १०.८ लाख. परतावा चार टक्क्यांच्याही किंचित आतला. तेवढ्यासाठी १४ टक्क्यांनी कर्ज काढायचं म्हणजे या एका हप्त्यावर वर्षाला ८,४०० व्याज. ते कर्ज वर्षभरात फेडायचं तर मुद्दलाचे महिना पाच हजार, त्यात ईएमआय मिळवला तर २५ हजारांतले १२ हजार दर महिन्याला जागच्या जागी गेले.

“दोन हप्ते भरलेत, ते बुडतील” ही भीती साहजिक आहे. मोजून बघू. आज सोडली तर नियमाने भरलेल्या रकमेच्या किमान ३० टक्के, म्हणजे ३६ हजार परत मिळतील. ८४ हजार गेले. आता ते ३६ हजार आणि पुढची आठ वर्षं तेच ६०-६० हजार पीपीएफमध्ये घातले आणि आजचा ७.१ टक्के दर कायम धरला, तर त्याच विसाव्या वर्षी साधारण १४ लाख ४० हजार होतात. नुकसान सोसूनही साडेतीन लाख जास्त. दर थोडा उतरला तरी हे पारडं फिरत नाही. आणि पीपीएफला वर्षाला किमान ५०० रुपये चालतात. मंदीच्या वर्षी पाटल्या काढाव्या लागणार नाहीत.

पण लगेच सरेंडरचा, म्हणजे पॉलिसी सोडून देण्याचा, अर्ज करू नका. त्यावर सही केलीत की पूर्ण पैसे परत मागण्याची बाजू कमकुवत होते. आधी बँकेत लेखी अर्ज देऊन हप्त्याचा ऑटो डेबिट मँडेट रद्द करा आणि पोच घ्या, नाहीतर खात्यात पैसे आले की हप्ता आपोआप कापला जाईल. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. त्यानंतरही दोन हप्ते भरलेली पॉलिसी शून्य होत नाही, ती कमी रकमेवर चालू राहते. ‘आता भरा नाहीतर सगळं जाईल’ असा फोन येईल, त्याला घाबरू नका.

मग पॉलिसीच्या बॉन्डला जोडलेली प्रपोजल फॉर्मची (पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची) प्रत काढा आणि वार्षिक उत्पन्नाचा रकाना बघा. तुमचं तीन लाख असताना तिथे सहा-आठ लाख लिहिलेले असतील तर तोच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा. बेनिफिट इलस्ट्रेशनवरची (कधी किती मिळेल त्या तक्त्यावरची) सही तुमचीच आहे का तेही बघा. अधिकाऱ्याने व्हॉट्सअॅपवर ‘५ वर्षं’ किंवा ‘एफडी’ असं काही लिहिलं असेल तर त्याचे स्क्रीनशॉट ठेवा. तक्रार एकाच वेळी बँकेला आणि विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला द्या, विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवरही नोंदवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. नकारापासून एक वर्षाची मुदत असते, फी नाही आणि वकील लागत नाही. तिथेही नाही झालं, तर मग सरेंडर.

पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत असलेल्या वाचकांना यातलं काहीच करावं लागत नाही. फ्री लूकमध्ये एका अर्जावर पॉलिसी परत करता येते, किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. तुमची ती मुदत केव्हाच गेली.

राहिला विमा. पन्नाशीच्या आत असाल तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचं संरक्षण बँकेतूनच मिळतं, ते याच आठवड्यात घ्या. मुलं तुमच्या कमाईवर असतील तर २५-३० लाखांचा टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा) हवा. स्वतःचा धंदा असणाऱ्यांकडे कंपन्या आयकर विवरणपत्र मागतात. कर लागत नसला तरी या वर्षीचं भरून ठेवा.

मँडेट रद्द करायचा अर्ज उद्याच टाइप करा. दोन प्रती काढा, एक बँकेला, दुसरीवर शिक्का आणि तारीख. दोन कागद एकदम ओढले गेले तर पॅड बदलेपर्यंत एकेक पान हाताने सरकवा.