पद्मासनातली मूर्ती बुद्धाची, तीर्थंकराची की शिवाची? लेण्यांत नेमकं काय पाहायचं?

तुमची अडचण अशी: वेरूळला एका दिवसात बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी पाहिली, तिन्हीकडे मांडी घालून बसलेल्या शांत मूर्ती दिसल्या, आणि गाइडने सांगितलेली नावं पुस्तकाशी जुळेनात.

पहिली गोष्ट, चेहऱ्यावरून ओळखायला जाऊ नका. अर्धे मिटलेले डोळे, लांब कानाच्या पाळ्या, रुंद खांदे ही महापुरुषाची लक्षणं तिन्ही परंपरांना सारखीच मान्य होती. आसनावरूनही निकाल लागत नाही. घारापुरीला उत्तरेच्या दारातून आत जाताना डाव्या हाताला योगीश्वर शिव आहे. तो पद्मासनात आहे, खाली कमळ आहे, आणि त्या कमळाचा देठ दोन नागांनी धरला आहे. ही मांडणी थेट बौद्ध शिल्पातून आलेली, म्हणून घाईत पाहणारा त्याला बुद्ध म्हणून मोकळा होतो. पण वरच्या बाजूला गरुडावर बसलेला विष्णू दिसतो आणि समोरच्या भिंतीवर नटराज आहे. मुख्य मूर्तीचे हात तुटलेले असले की असा परिवारच (भोवतीच्या लहान मूर्ती) कामाला येतो.

वेरूळला सोय अशी की क्रमांकच अर्धं उत्तर देतो: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. तरी फक्त क्रमांकावर विसंबू नका, कारण इतर ठिकाणी ही सोय नसते.

बुद्ध की तीर्थंकर, हे ठरवायला वस्त्राची कड शोधा. अजिंठा-वेरूळच्या बुद्धाचं चीवर (भिक्षूचं वस्त्र) इतकं तलम कोरलेलं असतं की अंग उघडंच वाटतं. चुण्या जवळजवळ नसतात. कड दिसते ती तीनच ठिकाणी: छातीवर तिरकी (उजवा खांदा उघडा असेल तर), डाव्या मनगटापाशी आणि घोट्यांजवळ. समोरून बॅटरी मारली तर ती दिसत नाही, प्रकाश बाजूने तिरका टाकावा लागतो. कड कुठेच नसेल आणि हात मांडीवर एकावर एक असतील, तर तीर्थंकर. तीर्थंकराच्या दोनच स्थिती असतात, ध्यानात बसलेला किंवा कायोत्सर्गात हात सरळ सोडून उभा. तो हाताने काही सांगत नाही, अभय देत नाही, जमिनीला स्पर्श करत नाही.

इथे पुस्तकं वाचून आलेले लोक एक चूक करतात. छातीवर श्रीवत्स (शुभचिन्ह) दिसला नाही म्हणून मूर्ती जैन नाही, असं ठरवतात. श्रीवत्स उत्तरेकडच्या मूर्तींवर ठळक असतो, दख्खनेत बहुधा नसतोच. तसंच पीठावर (मूर्तीच्या बैठकीवर) सिंह दिसला की महावीर म्हणू नका. सिंहासन बुद्धालाही असतं आणि बाकीच्या तीर्थंकरांनाही. पार्श्वनाथ सात फण्यांवरून आणि ऋषभनाथ खांद्यावर रुळणाऱ्या बटांवरून खात्रीने ओळखता येतात. अर्थात फणा एकट्या पार्श्वनाथाचा नाही. अजिंठ्याच्या १९ क्रमांकाबाहेर सात फण्यांचा नागराज आहे, पण त्याच्या डोक्यावर मुकुट आहे, अंगावर दागिने आहेत आणि शेजारी राणी बसली आहे.

बुद्ध ठरला की हात वाचा. उजवा हात गुडघ्यावरून खाली, बोटं जमिनीकडे आणि डावा मांडीत, तर भूमिस्पर्श. हा बुद्धाला मोहात पाडू पाहणाऱ्या माराच्या पराभवाचा क्षण असतो, आणि अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात त्याचा मोठा पट आहे. दोन्ही हात छातीपाशी एकमेकांत गुंतलेले, तर धर्मचक्रप्रवर्तन, म्हणजे बुद्धाचा पहिला उपदेश. त्यात पीठ नक्की पाहा: अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यात चक्र आणि दोन्ही बाजूंना हरणं आहेत, म्हणजे हे सारनाथचं मृगदाव, जिथे तो उपदेश झाला ते हरणांचं वन. हात तुटले असतील तरी एवढ्यावरून प्रसंग ठरतो. तुटलेल्या भूमिस्पर्श मुद्रेत गुडघ्याखाली पीठावर बोटांच्या टोकांचा उंचवटा बहुतेक वेळा शिल्लक राहतो. वेरूळच्या १२ व्या लेण्यात तिसऱ्या मजल्यावर अंतराळाच्या (गाभाऱ्यापुढच्या कक्षाच्या) दोन्ही बाजूंना सात-सात बुद्ध आहेत. त्यांपैकी एका बाजूच्या सातांवर झाडं आहेत. ते सात मानुषी (माणूस म्हणून जन्मलेले) बुद्ध, प्रत्येकाचा बोधिवृक्ष वेगळा.

झोपलेल्या मूर्तीत गोंधळ होऊ नये, तरी होतो. अजिंठ्याच्या २६ मध्ये सुमारे ७ मीटर लांबीचं महापरिनिर्वाण (बुद्धाचा देहान्त) आहे: उजव्या कुशीवर, हात गालाखाली, खाली शोक करणारे शिष्य. शेषशायी विष्णूच्या खाली सापाची वेटोळी असतात आणि बेंबीतून कमळ निघालेलं असतं.

खरी दमछाक बोधिसत्त्वांपाशी, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवरच्या विभूतींपाशी होते. त्यांतल्या अवलोकितेश्वराला जटामुकुट, खांद्यावर मृगाजिन (हरणाचं कातडं), हातात जपमाळ आणि कमंडलू, म्हणजे जवळजवळ सगळं शिवाचं सामान. बघायची जागा एकच, जटेचा पुढचा भाग. तिथे ध्यानस्थ बसलेला छोटासा अमिताभ बुद्ध असेल तर अवलोकितेश्वर, चंद्रकोर किंवा कवटी असेल तर शिव. तिथे इवलासा स्तूप असेल तर मैत्रेय, म्हणजे पुढे होणारा बुद्ध. हा स्तूप झिजला की लिंगासारखा दिसतो, आणि मग कुणीतरी छातीठोकपणे शंकर सांगतं. डोकंच झिजलं असेल तर डाव्या हातातल्या फुलाच्या देठावरून वर जा: नुसतं कमळ असेल तर अवलोकितेश्वर, कमळावर वज्र असेल तर वज्रपाणी, पोथी असेल तर मंजुश्री. वेरूळच्या १२ मध्ये भिंतीवर नऊ चौकोनांचे पट आहेत, मध्ये बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व. तिथे पाच मिनिटं थांबून फुलांवरच्या खुणा वाचायची सवय केली तर पुढचं सोपं जातं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांत ७ व्या लेण्यातला अवलोकितेश्वरही चुकवू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार संकटं कोरली आहेत. आग, बेड्या, फुटणारं जहाज, सिंह, साप, हत्ती हे सहज कळतात. प्रत्येक चौकटीतली माणसं हात जोडून मधल्या मूर्तीचा धावा करताहेत.

आता चुकीची नावं. वेरूळच्या ६ व्या लेण्यात मोराशेजारी उभ्या असलेल्या देवीला अनेक जण सरस्वती म्हणतात. ती महामायूरी, सर्पदंशापासून राखणारी बौद्ध देवी. आपल्या डोळ्यांत दसऱ्याच्या पूजेतली मोरवाली सरस्वती बसलेली आहे, शिवाय खाली एक जण पोथी वाचतोय, त्यामुळे चूक समजण्यासारखी आहे. जुन्या शिल्पांत सरस्वतीचं वाहन हंस. वेरूळचं ३२ वं लेणं तर अख्खं ‘इंद्रसभा’ या चुकीच्या नावाने ओळखलं जातं. तिथला हत्तीवरचा ‘इंद्र’ हा जैन यक्ष, आणि सिंहावरची ‘इंद्राणी’ म्हणजे जैन यक्षी अंबिका. तिच्यावर आंब्याचं झाड आहे आणि मांडीवर मूल. सिंह दिसला की दुर्गा, या घाईवरही हाच उतारा.

घारापुरीच्या त्रिमूर्तीचंही तसंच. सुमारे ५.५ मीटर उंचीच्या त्या शिल्पात ब्रह्मा-विष्णू-महेश नाहीत, तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. तुमच्या डावीकडे मिशा आणि साप असलेला उग्र अघोर, मध्ये तत्पुरुष, उजवीकडे हातात कमळ घेतलेला वामदेव, ज्याला उमेचं मुख असंही म्हणतात. हे शिवाचं सदाशिव रूप, त्याची मुखं पाच, मागचं आणि वरचं कोरलेलं नाही.

विष्णूबद्दल थोडक्यात. चार हातांतली आयुधं मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून प्रदक्षिणेच्या क्रमाने वाचायची: खालचा उजवा, वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा. पद्म-शंख-चक्र-गदा आलं तर केशव, पद्म-गदा-चक्र-शंख आलं तर त्रिविक्रम. अशी चोवीस नावं आहेत. मूर्तीचा उजवा हात म्हणजे तुमची डावी बाजू, आणि मोबाइलने उलटा झालेला फोटो पाहून कुणी मोजलं तर सगळंच चुकतं. हात बदललेल्या, नव्याने घडवलेल्या मूर्तींना हा हिशोब लावू नये.

कार्ल्याच्या चैत्याच्या (प्रार्थनेच्या लेण्याच्या) दर्शनी भागात बुद्ध दिसतो म्हणून मूळ लेण्यातच बुद्धमूर्ती होती असंही समजू नका. ते पट काही शतकांनी, जुनं कोरीवकाम छाटून बसवले आहेत. मूळ चैत्यात पूजास्थान होतं ते फक्त स्तूपाचं.

वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, म्हणून तिरक्या उजेडासाठी दुपारनंतर जा. मंगळवारी ती बंद असतात, अजिंठा आणि घारापुरी सोमवारी. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारायला मनाई आहे.